तात्यांची शेरडं कोंडवाड्यात

मी ज्या माळावर राखणदार आहे, त्यातला एक तुकडा आमचाच होता. आमचा म्हणजे वडिलांचा आणि तात्यांचा, एकाच सातबाऱ्यावर. तात्या माझे चुलते. वनखात्याच्या जमिनीत मधेमधे शेतकऱ्यांचे तुकडे होते, ते सरकारनं संपादन केले, सगळा माळ सलग कुंपणात घेतला आणि पूर्वीचं गवताळ रान परत आणायचं ठरवलं. कर्जतकडच्या आमच्या गावात त्यावरून बरीच भांडणं झाली. एका सातबाऱ्यामागं एकाला राखणीचं काम मिळणार होतं. वडील वारलेले, आणि तात्यांचा मुलगा दसरा झाला की कोपरगावकडं ऊसतोडीला जाणारा. ते काम खरं त्याचं. पण तात्या म्हणाले, त्याच्या हातात कोयता तरी आहे, तुझ्या हातात काय आहे? खरंच काही नव्हतं. बारावी झालेली आणि लिहायची खोड, तिला गावात कोणी काम म्हणत नाही. मी नको म्हणालो, पण एकदाच, आणि हळू आवाजात.

गवत मात्र झकास आलं. पवन्याचं गवत कमरेला लागायला लागलं. जिथं आमची बाजरी दर दोन वर्षांनी करपायची, तिथं काळवीट निवांत बसायला लागले. मला हे फार आवडतं, लपवून काय उपयोग? सकाळी चंडोल ऐकत फिरताना मी सुखात असतो. मग आठवतं, तात्या आता बाजरी दुकानातून आणतात, आणि मला माझीच लाज वाटते.

यंदा चैत्रात कुंपणाबाहेर हिरवं पान उरलं नव्हतं. तात्या शेरडं माळाच्या कडेला मोकळी सोडायचे. कुंपणालगतचा चर एका जागी बुजला होता आणि तारही लोंबली होती, तिथून ती एका दुपारी आत शिरली आणि सरळ आमच्या जुन्या रानात, बांधावरच्या बोरीखाली जाऊन चरायला लागली. माझं काम सोपं होतं: धरायची आणि गावच्या कोंडवाड्यात घालायची. पण आमच्याकडं जनावर कोंडवाड्यात जाणं म्हणजे घराची अब्रू जाणं. मालकाला चारचौघांत जाऊन सोडवून आणावं लागतं. मी लिंबाआड पाठ करून बसलो. पोटं भरल्यावर ती आली तशी गेली. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि पुढंही. गावात लोक हसायला लागले, कुंपणच शेत खातंय म्हणून.

शेवटी वनखात्याच्या साहेबांना लेंड्या दिसल्या, खुडलेले कोंब दिसले. कोणाची शेरडं, त्यांनी विचारलं. मी वाकून लेंड्या गोळा करायला लागलो. पुन्हा दिसली तर तुझं काम गेलं, असं ते शांतपणे म्हणाले.

संध्याकाळी तात्यांना सांगायचंच असं ठरवून त्यांच्याकडं गेलो. चहा झाला. तात्यांनी काळविटांच्या पाडसांची चौकशी केली, अगदी हौसेनं. मी पाडसांचं सगळं सांगितलं आणि शेरडांचं न सांगता घरी आलो.

सकाळी कामावर निघालो तर कोंडवाड्यात शेरडं ओरडत होती. आमचीच. दारात तात्या उकिडवे बसले होते, आणि येणारे-जाणारे बघत होते. कोणी कोंडली, मी विचारलं.

"म्याच आनली," तात्या म्हणाले. "काल च्या प्यालास आन मनातलं न बोलता गेलास, तवाच वळखलं, नोकरीवर आलंय. रोज पोटं भरून येत्यात हे मला दिसत हुतं की. मीबी गप ऱ्हायलो."

मी म्हणालो, तात्या, घरी चला, मी सोडवतो. ते हलले नाहीत.

"रान गेलं ते गेलं. आता तुजी नोकरी हेच आपलं रान हाय. सोताच्या उभ्या पिकात कुनी शेरडं सोडतं व्हय?" मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सायबाला सांग, तूच धरून आनलीस म्हून."

मला तिथंच रडू आलं. तात्यांनी मला कामाला उशीर होतोय म्हणून हाकललं.

मी साहेबांना तसंच सांगितलं. सख्ख्या चुलत्याचीही गय केली नाही, म्हणून त्यांनी सगळ्या राखणदारांसमोर माझी पाठ थोपटली.