टेका की वाईच

शाळेच्या पडवीत एक माठ होता, आणि त्याच्यापाशी उभी राहून मोहिनी 'पाणी' म्हणायची. काय तो 'ण'! जीभ टाळूला अलगद टेकून सुटावी आणि त्या एका अक्षरात माठाचा सारा गारवा उतरावा. माझी पाळी आली की मी मुकाट्याने पेला पुढे करी. कारण तोंड उघडलं तर 'पानी' बाहेर पडणार आणि पडवीतल्या पाच-सहा वेण्या एकदम वळून हसणार, हे मला ठाऊक होतं. मत्सराने घसा तहानेपेक्षा अधिक कोरडा पडतो, हे मी तेराव्या वर्षी शिकले.

मी पिंपरी गावातली, शेतकऱ्याघरची. पन्नासनंतरची ती वर्षं. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी लोकांची वस्ती गावाला लागूनच वसली होती. तिला सगळे कॅम्प म्हणत. रेल्वेच्या बाजूला औषधांचा कारखाना उभा राहत होता आणि त्याच्यामागोमाग पुण्याहून आलेल्या कारकुनांच्या, साहेबांच्या मुली आमच्या वर्गात आल्या. त्यांचं शुद्ध बोलणं मला कधी खुपलं नाही. त्या जन्मानेच तशा. चंद्राचा कुणी हेवा करतं का? पण मोहिनी कॅम्पातल्या बराकीत राहणारी, चार वर्षांपूर्वी मराठीचं अक्षरही न जाणणारी! तिने आमची भाषा पुस्तकातून उचलली, तीही इस्त्री केलेली. आणि जिच्या सात पिढ्या याच शिवारात बोलल्या, भांडल्या, त्या मला बाई भर वर्गात म्हणत, "सगुणा, 'न्हाई' काय? 'नाही' म्हण. त्या मोहिनीकडून शीक जरा."

माझी भाषा मी तिच्याकडून शिकायची!

सिंधीतही पाण्याला पाणीच म्हणतात, तो 'ण' तिला घरातूनच मिळाला होता, हे मला फार पुढे कळलं. 'ळ' मात्र तिने कमावला होता. मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून 'कमळ, बाळ, फळा' असं घोकताना मी तिला पाहिलं होतं. पाहिलं, आणि कौतुक वाटण्याऐवजी रागच आला. तिची रीतभातही तशीच नेटकी. दुसरी बसल्याशिवाय बसायची नाही, कुणी खडू दिला तरी 'आभारी आहे' म्हणायची. आमच्या घरी आभाराला शब्दच नव्हता. कुणी काही आणून दिलं की आई त्याच्या हातावर दुसरं काहीतरी ठेवी. पण बाईंच्या वहीत त्याला सभ्यता म्हणत नसावेत.

त्या वर्षी शिक्षणखात्यातले एक मोठे साहेब शाळा पाहायला येणार होते. स्वागताचं भाषण बाईंनी सगळ्यांकडून लिहून घेतलं आणि त्यातलं माझं निवडलं. कागदावर माझा 'ण' कधी चुकत नसे. दोन दिवस मी जमिनीवरून चाललेच नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाषण सुंदर आहे, सगुणा. म्हणेल मात्र मोहिनी. पाहुण्यांसमोर उच्चार नीट हवेत ना?" बाई दुष्ट नव्हत्या. तो हात खरोखर मायेचा होता, म्हणूनच तो झटकताही आला नाही.

संध्याकाळी मोहिनी माझ्याकडे आली. "भाषण तुझं आहे, मला फार संकोच वाटतो," ती म्हणाली. "पण शेवटी मला पुस्तकातलं नको, इथल्या लोकांसारखं काहीतरी बोलायचं आहे. तुमच्याकडे पाहुण्यांना मानाने काय म्हणतात?"

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं, ते आजही सांगताना मान खाली जाते. आमच्या दारात कुणीही आलं की आई जे म्हणे, तेच मी तिला सांगितलं. "म्हनायचं, 'आवं पाव्हनं, टेका की वाईच! च्या घिऊन जावा.'"

"वाईच म्हणजे?"

"थोडा वेळ. लई मानाचं हाय त्ये," मी म्हटलं.

तिने ते चार वेळा म्हणून पाहिलं. 'घेऊन' म्हणाली तेव्हा मीच तिला 'घिऊन' करायला लावलं. खोटं मी एक अक्षर बोलले नव्हते. पण कोटटोपीतल्या साहेबांपुढे हे वाक्य गेलं की सारी शाळा हसेल, एवढ्यासाठीच मी ते दिलं होतं. तिची फजिती व्हावी म्हणून मी माझ्या आईचा जिव्हाळा हसण्यावारी नेला, हे तेव्हा कळलं असतं तर?

समारंभाच्या दिवशी माझी वाक्यं तिच्या तोंडून ऐकताना मला त्यांचाही हेवा वाटला. माझ्यापाशी असताना ती कधी इतकी देखणी नव्हती. भाषण संपलं. गुच्छ घ्यायला साहेब उभे राहिले, आणि मोहिनीने हात जोडून, एकेक शब्द स्वच्छ उच्चारत म्हटलं, "आवं पाव्हनं, टेका की वाईच! च्या घिऊन जावा."

कारकुनांच्या मुलींनी तोंडाला रुमाल लावले. बाईंचा चेहरा पांढरा पडला.

"टेकतो की!" साहेब म्हणाले आणि धपकन खुर्चीत बसले. मग त्यांनी चष्मा काढला. "आमची आई अस्संच म्हणायची. पुण्यात 'बसा' म्हणणारे पुष्कळ भेटले. 'टेका' कुणी म्हटलं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मात्र जळत होते. तेच शब्द माझ्या तोंडी गावंढळ, आणि तिच्या तोंडी अमृत! का? तिने ते निवडून घेतले होते, आणि माझ्यापाशी दुसरे नव्हते, एवढ्यासाठीच ना?

"हे मला सगुणाने शिकवलं," मोहिनीने माझ्याकडे बोट केलं. "भाषणही तिनेच लिहिलं आहे."

साहेबांनी मला जवळ बोलावलं. "कुठली गं तू, पोरी?" त्यांच्या आवाजातली इस्त्री केव्हाच मोडली होती. मी फक्त 'हितलीच की' म्हणायचं होतं! पण समोर बाई होत्या, सारी शाळा होती. मी पाय जुळवून म्हणाले, "माझे नाव सगुणा. मी येथीलच रहिवासी आहे. आपल्या आगमनाने आम्हांस आनंद झाला."

एकही अक्षर घसरलं नाही. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. "छान. शुद्ध बोलतेस," ते अदबीने म्हणाले आणि मोहिनीकडे वळले. मागून बाईंचं "शाबास, सगुणा!" ऐकू आलं. त्या एका शब्दासाठी मी किती दिवस झुरले होते, आणि आता तो कुठे ठेवावा हेच कळेना.

शाळा सुटल्यावर मी कॅम्पात गेले. बराकीच्या दारात मोहिनी घास तोंडात ठेवूनच आईशी सिंधीत बोलत होती, मोठमोठ्याने, खिदळत, हातवारे करत. मला पाहून बाहेर आली.

"तुझी फजिती व्हावी म्हणून शिकवलं मी तुला," मी एका दमात म्हणाले.

"ठाऊक होतं. 'मानाचं आहे' म्हणताना तू खाली बघत होतीस."

"मग म्हणालीस कशाला?"

"वाक्य चांगलं होतं," ती म्हणाली, आणि आत वळून आईला सिंधीत काहीतरी सांगून पुन्हा हसली.

मी आजवर तिच्या 'ण'चा, 'ळ'चा, नेटक्या वागण्याचा हेवा केला होता. त्या दारात मात्र मला वेगळाच मत्सर वाटला, आणि तो आजतागायत गेलेला नाही. आमची भाषा घेताना तिने आपली कुठेच खाली ठेवली नव्हती.

घरी आले तेव्हा आई म्हशीची धार काढत होती. "काय म्हनला गं पाव्हना?" तिने विचारलं.

"काही नाही, आई. त्यांना भाषण आवडलं," मी म्हणाले. कसं कोण जाणे, तसंच आलं तोंडात.

आईचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बरं झालं हो," ती म्हणाली. तो 'हो' ती दूध घ्यायला येणाऱ्या, कारखान्यातल्या साहेबांच्या बायकांशी बोलतानाच लावायची.