यंत्राच्या कावळ्यानं किती वेळ थांबावं?

बायको जाऊन तीन महिने झाले होते. मुलगा शहरातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. त्याच्या विद्यार्थ्यांनी उडणारा कावळा बनवायला घेतला होता. दहाव्याच्या पिंडाला शिवायला हल्ली कावळे वेळेवर येत नाहीत, लोक उन्हात ताटकळतात, ही म्हणे समाजाची अडचण. कॉलेजचा नियम असा, की यंत्र पहिल्यांदा उडायच्या आत त्याची नैतिक बाजू तपासायची. समिती नेमली गेली आणि अध्यक्षपद माझ्याकडे आलं. मी निवृत्त ग्रंथपाल, शिवाय, मुलाच्या शब्दांत, "बाबांचा अनुभव ताजा आहे."

बैठकीत चहानंतर प्रश्न निघाला, कावळ्यानं किती वेळानं शिवायचं? एक प्राध्यापक म्हणाले, दोन मिनिटं पुरे. दुसऱ्यांचं मत पडलं, पुढाऱ्यांकडे लगेच शिवावं. एका विद्यार्थिनीच्या वडिलांचं शहागंजात पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. ती म्हणाली, "सर, बॅटरी बीस मिनट चलती. उसके आगे रोना नक्को."

बायकोच्या दहाव्याला पैठणच्या घाटावर कावळा सव्वा तास आला नव्हता. मला तो वेळ कमीच वाटला. गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, म्हणून नातेवाईक एकेक वचन देऊन पाहत होते. झाडं लावू, अन्नदान करू. शेवटी मुलगा घामाघूम होऊन म्हणाला, "आई, मावशी आपल्याकडेच राहील." आणि कावळा शिवला.

मावशी म्हणजे बायकोची थोरली बहीण. लग्न झालं नाही, चाळीस वर्षं आमच्याच घरात. आता मुलगा तिच्यासाठी वृद्धाश्रम पाहून आला होता. मी घाटाची आठवण दिली, तर म्हणाला, "बाबा, तो योगायोग होता. शेजारच्या पिंडावरची शेव पाहून आला तो."

मी अहवालात एकच अट घातली. थांबायची वेळ यंत्रात भरायची नाही. गेलेल्या माणसावर जो सगळ्यात जास्त विसंबून होता, त्याच्या हाती रिमोट द्यायचा. समितीनं, आणि मुलानंही, न वाचता सह्या केल्या.

चाचणी कॉलेजच्या मैदानावर झाली. पत्रावळीवर बायकोच्या नावानं भाताचा गोळा ठेवला होता. अहवालाप्रमाणे मी मावशीला घेऊन गेलो आणि रिमोट तिच्या मांडीवर ठेवला. मुलानं तेव्हा पहिल्यांदा अट वाचली. कावळा घरघरत वर फिरू लागला.

"मावशी, दाब ना बटण."

"घाई काय हाय? मला कुठं जायचंय?"

"बॅटरी संपेल गं."

"संपू दे. माझी बी संपंना झालीय."

विद्यार्थी हसले. मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी अहवाल चाळत होतो. पंधरा मिनिटांनी तो तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि पुटपुटला, "तू आपल्याकडेच राहशील."

"मोठ्यानं बोल. त्याच्या पंखाचा लई आवाज हाय."

तो सगळ्या वर्गासमोर मोठ्यानं बोलला. मावशीनं बटण दाबलं. कावळा धाडकन उतरला आणि भाताचा चेंदामेंदा झाला. विद्यार्थिनीनं चाचणीच्या तक्त्यात वेळ लिहिली, त्याचं वाक्य शब्दशः उतरवून घेतलं आणि कागद पुढे केला. मार्गदर्शक म्हणून खाली सही त्यालाच करावी लागली. या वेळी त्यानं आधी वाचलं.