न आलेला आवाज

शेवटच्या भेटीत श्रावणदादानं माझं बोट धरून आपल्या उजव्या कानशिलावर ठेवलं. तिथं हाड नव्हतं. कातडीखाली काहीतरी मऊ धडधडत होतं. 'पाह्य, मी अंदर चालून राहिलो,' म्हणाला आणि हसला. मी हात मागं घेतला... भीती वाटली, हे सांगायला लाज कसली?

दादा माझा चुलतभाऊ, केशोरीला धानाची शेती करायचा. मी गोंदियात वकिली करतो. त्याचा आजार सुरू झाला तो वासानं. जेवता जेवता त्याला मोहफुलं जळाल्याचा वास यायचा. घरचे आग लागली समजून धानाच्या तणसीच्या ढिगाकडं धावायचे, तिथं काहीच नसायचं, आणि परत येऊन पाहावं तर दादा हातात घास धरून, कुणालाच न ओळखता बसलेला. बाहेरचं लागलं, असं गावानं ठरवूनच टाकलं. मी भांडून त्याला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी खोलीत अंधार करून त्याच्या डोळ्यांत उजेड टाकला आणि बराच वेळ पाहिलं. डोळ्यांमागं सूज आहे, डोक्यात गाठ असणार, म्हणाले. महायुद्धाच्या लढाईमुळं सैनिकांनी खच्चून भरलेल्या रेल्वेगाडीतून त्याला कलकत्त्याला नेलं. गाठ फार खोल होती, सर्जनना ती काढता आली नाही. आतला दाब कमी व्हावा म्हणून त्यांनी कानशिलाचं हाड तेवढं काढलं. डोकेदुखी थांबली आणि वर्षभर तो आम्हाला मिळाला.

नदीकाठी दादाची चिता पेटली... कवटी फुटल्याचा आवाज आला की जीव मोकळा झाला असं आमच्याकडं समजतात, मगच लोक उठतात. आवाज आलाच नाही. हाडच नाही तिथं वाफ कोंडणार कशी, हे मी चारचौघांना समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, उठलं कुणीच नाही. लाकडांची राख झाली तरी माणसं कान देऊन बसली होती.

घरी वहिनींनी एवढंच विचारलं, 'भाऊजी, आवाज आला का?' मी खरं ते सांगितलं. 'मंग ते गेलेच नाई,' त्या म्हणाल्या.

परवा त्यांचे भाऊ चिचगडहून त्यांना न्यायला आले. गाठोडं बांधून झालं, पण वहिनींचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. यांना इथं एकटं टाकून कशी जाऊ, म्हणत राहिल्या. मग मला बाजूला घेतलं. 'तुमीच सांगा त्यायले जा म्हणून. माह्या तोंडून निंगत नाई.'

बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. दादाच्या खोलीत जाऊन रिकाम्या खाटेपाशी बसलो. भर दुपार होती. खाट करकरली, जड माणूस कूस वळतो तशी... माझ्या तोंडून निघालं, 'दादा, बस ना अजून थोडा.'

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी गाठोडं सोडलं, आणि भावाची बैलगाडी रिकामीच परत गेली.