झारीकाकांचा सत्कार

दोन इमारतींमधला तो तुकडा म्हणजे एके काळी फुटक्या फरशा आणि मोडक्या खुर्च्या टाकायची जागा. बस दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या मेकॅनिकने तिथे कुदळ मारली, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं. आता तिथे रंगवलेल्या जुन्या टायरांत सदाफुली डोलते, जास्वंद भिंतीवरून पलीकडे डोकावते, आणि ऊन कलताना ओल्या मातीचा वास सुटला की म्हातारीकोतारी तिथे येऊन टेकतात. मेकॅनिकचं नाव लोक विसरले. ते झाले झारीकाका.

तर अशा या झारीकाकांचा सत्कार करायचं वसाहतीच्या समितीनं ठरवलं. काकू हरखल्या. काकांचं तोंड मात्र उतरलं.

"अहो, सत्कार आहे, ऑपरेशन नाही."

"ऑपरेशनातून माणूस उठतो तरी!"

काका उगीच बोलत नव्हते. ज्याला काढायचं त्याचा आधी सत्कार, ही समितीची रीतच होती. जुन्या पहारेकऱ्याचं कौतुक करताना अध्यक्षांनी त्याला मिठीच मारली होती. दुसऱ्या दिवशी फाटकावर कॅमेरा बसला. वाचनालय सांभाळणाऱ्या मास्तरीणबाईंना मानचिन्ह मिळालं आणि पुस्तकांच्या जागी टेबल टेनिस आलं. अध्यक्षांनी नुकतीच नवी गाडी घेतली होती. गाडीला सावली हवी होती, आणि सावली बागेत होती.

सत्काराच्या संध्याकाळी काकांच्या हाती मानचिन्हापाठोपाठ गुच्छ आला. त्यांनी ओळखला. त्यांच्याच गुलाबांचा होता, देठापासून ओरबाडलेला.

"काकांनी फार केलं," अध्यक्ष माइकवरून म्हणाले. "आता त्यांनी घरी आराम करावा. बागेचं काय ते समिती बघेल."

काकूंनी टाळीसाठी उचललेले हात तसेच मांडीवर ठेवले.

काका बोलायला उठले. गुच्छ त्यांनी खुर्चीवर ठेवला, मानचिन्ह तेवढं हातात घेतलं.

"मी काय, नुसतं पाणी घातलं. पण अध्यक्षसाहेब रोज वरच्या गॅलरीतून बघायचे. तेवढ्या करड्या नजरेखाली कुठल्या झाडाची बिशाद आहे वाळायची? हा मान साहेबांचाच!" आणि त्यांनी मानचिन्ह अध्यक्षांच्या हातात ठेवलं.

स्तुती अंगावर आली की बाजूला व्हायचं, हे अध्यक्षांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी मान लववून मानचिन्ह छातीशी धरलं. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या चिटणिसांनी. कित्येक वर्षं ते अध्यक्षांच्या बाजूच्या खुर्चीत अवघडून बसले होते. त्यांनी लगबगीनं माइक घेतला.

"साहेबांनी आपल्यासाठी जिवाचं रान केलं. आता त्यांनीही आराम करावा, असं मी सुचवतो."

"अनुमोदन!" मागच्या रांगेतून मास्तरीणबाई कडाडल्या.

पुन्हा टाळ्या. अध्यक्ष त्या भरात हात जोडून हसतच राहिले. काय झालं ते त्यांच्या ध्यानात येईतो फोटोसुद्धा निघाला होता.

सकाळी नवे अध्यक्ष, म्हणजे कालचे चिटणीस, बागेत आले. काका गुलाबाचे तुटके देठ नीट छाटत होते.

"काका, बाग तुमचीच हो! पण तुमचा सत्कार राहिलाच की. पुढच्या वर्षी दणक्यात करू."

"करू ना," काका म्हणाले. "पण आधी तुमचा."

नवे अध्यक्ष दोन पावलं मागे सरले. ते उभे होते तिथली माती बरी भुसभुशीत दिसली. काकांनी तिथे नव्या गुलाबासाठी खड्डा खणायला घेतला.