खांद्याचं औषध

मार्केट यार्डात गुळाच्या गाळ्यावर बसणाऱ्या रावसाहेब शितोळ्यांनी आयुष्यात कशाचीच लाज बाळगली नव्हती. भाव पडल्याचं शेतकऱ्याच्या तोंडावर सांगताना नाही, उधारीवाल्याला हात जोडून वाटेला लावताना नाही, आणि लग्नाच्या पंगतीत पुन्हा पुन्हा जिलबी मागताना तर मुळीच नाही. त्यांनी गाळ्यावरून हाक मारली की पलीकडच्या गल्लीतला हमाल वळून बघायचा. अशा माणसाला पन्नाशी ओलांडल्यावर एका गोष्टीची लाज वाटायला लागली. ती त्यांनी इतक्या निगुतीने जपली, की शेवटी तिचा भुर्दंड भलत्याच माणसाला पडला.

आधी थकवा आला. दुपारी गादीवर बसल्या बसल्या डोळा लागायचा. गुळाची ढेप सरकवायची म्हटली तरी दम लागायचा. पोट सुटलं, दंड बसले, कुणी दोन शब्द जास्त बोललं तर अंगावर जायचे. एवढं चारचौघांत सांगता आलं असतं. पण रात्री बायकोकडे पाठ करून झोपायची सवय लागली होती, ती कुणाला सांगणार? मन होतच नव्हतं. एकदोनदा स्वतःला रेटून पाहिलं आणि फजिती झाली. त्यानंतर आपण होऊन पाठ फिरवणं बरं, असं त्यांनी ठरवलं.

द्वारकाबाईंनी एकदा विचारलं, "अहो, झालंय काय तुम्हाला?"

"खांदा दुखतोय," रावसाहेब भिंतीकडे बघत म्हणाले. "या कुशीवर बरं वाटतं."

बाईंनी तो खांदा खरा मानला. तेव्हापासून रोज जेवणं आटोपली की त्या तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करायच्या आणि नवऱ्याचा धडधाकट खांदा शेकत बसायच्या. रावसाहेब डोळे मिटून शेकून घ्यायचे. पुरचुंडीचा चटका बसायचा, पण "बास" म्हणायला तोंड उघडायचं नाही.

मधुमेहाच्या डॉक्टरांनी एकदा तपासता तपासता आडून चौकशी केली आणि हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे खुर्चीत डॉक्टर शेफाली नावाची मुलगी बसली होती. मुलगीच म्हणायची, पुतणीच्या वयाची. रावसाहेबांनी दारातूनच परत फिरायचा विचार केला होता, पण तिने "या काका, बसा" म्हटलं आणि ते बसले. सकाळी उपाशीपोटी रक्त तपासून झालं. काही दिवसांनी पुन्हा सकाळी झालं.

"काका, टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, दोन्ही वेळा कमीच आलंय," डॉक्टर म्हणाली. "वजन आणि डायबेटीस असला की होतं असं. लाजण्यासारखं काही नाही."

लाजण्यासारखं काही नाही, हे ऐकून रावसाहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"औषध सुरू करू. पण ही जादू नाही हं. आधी इच्छा परत येईल, त्यालाही काही आठवडे लागतात. मूड सुधारेल. ताकद यायला महिने लागतील, आणि तीही चालणं-व्यायाम केला तरच. पाठीवर पुरळ येऊ शकतं. रक्त घट्ट होऊ शकतं, म्हणून तीन महिन्यांनी परत तपासायचं, प्रोस्टेटचीही तपासणी करायची. मूल हवं असेल तर मात्र हे औषध चालत नाही..."

मूल! रावसाहेबांनी मान आणखी खाली घातली. समोरच्या फरशीला एक तडा गेला होता, तो कुठून निघून कुठे जातो हे ते मन लावून बघत राहिले. डॉक्टर बोलतच होती. जेल आहे, रोज सकाळी खांद्यावर चोळायचं, हात साबणाने धुवायचे, वाळलं की वर सदरा घालायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरातल्या बायकामुलांच्या अंगाला ते लागता कामा नये.

रावसाहेबांच्या कानात एकच शब्द शिरला. खांद्यावर! म्हणजे आपण मारलेली थाप डॉक्टरनेच खरी करून दिली.

"पुढच्या वेळी काकूंना घेऊन या," डॉक्टर म्हणाली.

"आणतो की," रावसाहेब म्हणाले, आणि जिना उतरेपर्यंत विसरले.

जेल पाकिटांतून यायचं आणि पाकिटावर औषधाचं नाव ठळक छापलेलं. इंग्रजी वाचता येणाऱ्या कुणीही ओळखावं असं. तेव्हा रावसाहेबांनी डोकं चालवलं. घरातली अंगदुखीच्या बामची रिकामी बाटली गाळ्यावर नेली, धुतली, आणि मागच्या खोलीत बसून एकेक पाकीट तिच्यात पिळलं. पाकिटं गाळ्यावरच्या रद्दीत गेली. बाटली घरी आली आणि कपाटाच्या फळीवर बसली.

"नवीन डॉक्टरांनी दिलंय," त्यांनी बायकोला सांगितलं. "खांद्याचं औषध."

औषधाने गुण दिला. दुपारची डुलकी गेली. गाळ्यावरची हाक पुन्हा पलीकडच्या गल्लीत जाऊ लागली. आणि एके रात्री रावसाहेब या कुशीवरून त्या कुशीवर वळले. द्वारकाबाई आधी चकितच झाल्या. मग पदर तोंडाशी धरून हसत म्हणाल्या, "खांदा बरा झालेला दिसतोय."

त्या आठवड्यात रावसाहेबांनी मिशीला कलप लावला.

आता द्वारकाबाईंविषयी सांगायला हवं. मार्केट यार्डापासून मांजरी गावापर्यंत शितोळ्यांच्या गोतावळ्यात एकही लग्न त्यांच्या मंगलाष्टकाशिवाय लागत नव्हतं. शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत. पण वधूवरांची, दोन्हीकडच्या आईबापांची, आजीआजोबांची नावं त्या वृत्तात अशी बसवायच्या, की नाव आलेली म्हातारी माणसं डोळे पुसायची. आणि आवाज! कडव्याची शेवटची ओळ वरच्या पट्टीत नेऊन अशी धरायच्या, की अक्षता टाकायचं लोक विसरायचे. सासरी त्यांना जो मान होता तो त्या आवाजाचा होता. तो आपल्याला कुणी दिलेला नाही, आपला आपण कमावलेला आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पावसाळा सरता सरता बाईंच्या हनुवटीवर राठ केस दिसू लागले. कपाळावर पुटकुळ्या आल्या. पाळी जायच्या वयात असं होतं म्हणे, असं स्वतःला समजावत त्या कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये जाऊन यायच्या, त्याही दुपारी गर्दी नसताना. घरात पदर हनुवटीशी धरून वावरायच्या. एकदा चहा देताना रावसाहेबांचं लक्ष गेलं.

"काय गं, मिशी राखतेस काय?" ते मोठ्याने हसले. "कलप देऊ का माझा?"

बाई कपबशी ठेवून आत गेल्या.

बाटली लवकर संपते आहे असं रावसाहेबांना वाटायचं. आपलाच हात सढळ, असं म्हणून ते नवीन पाकिटं पिळायचे. मग एका रविवारी आंघोळ करून खोलीत शिरले, तर द्वारकाबाई आरशासमोर बसल्या होत्या. मांडीवर ती बाटली. पदर खाली घेऊन मानेला आणि खांद्याला सावकाश चोळत होत्या.

"अहो, भारी औषध आहे हं हे," त्या आरशातूनच म्हणाल्या. "तुमचा खांदा कसा मोकळा झाला, तेव्हाच म्हटलं, आपल्या मानेला लावून बघू. लावतेय तीनचार महिने. तुम्हाला काय विचारायचं त्यात, घरातलंच तर औषध."

रावसाहेबांनी बाटली काढून घेतली. "जुनी झालीय, नको लावू," एवढंच कसंबसं बोलले आणि गच्चीवर जाऊन डॉक्टरला फोन लावला.

सगळं ऐकून डॉक्टर म्हणाली, "आजपासून बंद. पुटकुळ्या जातील. केस कमी होतील, वेळ लागेल. आवाज बदललाय का?"

"थोडा बसल्यासारखा वाटतोय."

"तो पूर्ववत होईलच असं नाही, काका. स्वरयंत्रावर परिणाम झाला की तो राहू शकतो. उद्याच्या उद्या त्यांना घेऊन या." मग ती म्हणाली, "मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतं," रावसाहेब म्हणाले.

आता खाली उतरायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. रावसाहेब खाली उतरले. द्वारकाबाई स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून मांजरीच्या पुतणीच्या, भाग्यश्रीच्या लग्नाची कडवी जुळवत होत्या. "अहो, व्याह्यांच्या आईचं नाव काय हो?" त्यांनी विचारलं. रावसाहेबांनी नाव सांगितलं. दुसरं काही सांगितलं नाही.

लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. बायकोला डॉक्टरकडे न्यायचं तर कशासाठी ते सांगावं लागणार, म्हणजे तो पाठ फिरवण्याचा काळ, ती फजिती, ती लबाडी, सगळंच बाहेर येणार. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोपुढे तेवढं उघडं व्हायची त्यांची तयारी नव्हती. बाई रोज सकाळी रियाज करायच्या. शेवटच्या ओळीला आवाज घसरायचा. मग ज्येष्ठमध चघळायच्या, हळदीचं दूध घ्यायच्या, "हवा बदललीय" म्हणायच्या. रावसाहेब पेपर तोंडासमोर धरून ऐकायचे. त्यांना स्वतःची किळस यायची. तरीही ते पेपरचं पान उलटायचे.

मांजरीच्या कार्यालयात अंतरपाट धरला गेला. भटजींनी आपलं कडवं म्हटलं आणि माइक द्वारकाबाईंच्या हातात दिला. पहिल्या ओळी खालच्या होत्या, निभावल्या. मग व्याह्यांच्या आईचं नाव आलं आणि ओळ वर चढली. वर गेलेला आवाज तिथे फाटला आणि त्यातून एक जाडाभरडा, पुरुषी सूर निघाला. माइकने तो मांडवभर नेला. मागून कुणीतरी पोर फिस्कन हसलं. एक मावशी शेजारणीला म्हणाली, "काकीच हाय का ही? मला वाटलं रावसाहेबच म्हणतोय."

बाईंनी पुन्हा ओळ धरली. पुन्हा तेच झालं. त्यांनी माइक भटजींच्या हातात दिला, पदर तोंडावर घेतला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेल्या. भटजींनी सांभाळून घेतलं. वाजंत्री वाजली, लोकांनी अक्षता उधळल्या. रावसाहेबांच्या मुठीतल्या घामाने भिजून तळव्याला चिकटल्या होत्या.

बाई कार्यालयाच्या मागे, धुवायला काढलेल्या पातेल्यांजवळ उकिडव्या बसल्या होत्या. रावसाहेब धोतर आवरून शेजारी तसेच बसले आणि सगळं सांगितलं. पाठ का फिरवली इथपासून बाटलीपर्यंत. फोनवर डॉक्टर काय म्हणाली तेही. नजर पातेल्यांवर होती, पण या वेळी काही गाळलं नाही.

बाई म्हणाल्या, "म्हणजे खांदा कधी दुखतच नव्हता."

"नाही."

"आणि मी शेकत बसायची." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, एवढंच होतं तर सांगायचंत. मी काय हसले असते? हसलात तुम्ही. माझ्या हनुवटीला."

रावसाहेब रडले. बाई रडल्या नाहीत. "डोळे पुसा," त्या म्हणाल्या, "पंगतीला बोलावतील."

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरकडे गेली. हळूहळू पुटकुळ्या गेल्या, केसही विरळ झाले. रावसाहेबांचं औषध आता पाकिटातच असतं, छापलेल्या नावासकट, आणि सकाळी ते लावून हात धुतले की नाही हे बाई स्वतः बघतात. आवाज मात्र परत आला नाही. गोतावळ्यातल्या लग्नांत आता रेकॉर्ड लावतात, आणि द्वारकाबाई मागच्या रांगेत बसून अक्षता टाकतात.

घरात बोलणं पहिल्यासारखंच चालतं. दिवसातून कितीतरी वेळा स्वयंपाकघरातून "अहो" अशी हाक येते, जाड, खालच्या पट्टीतली. प्रत्येक वेळी रावसाहेबांची मान खाली जाते. मग ते ओ देतात.