काजळाची डबी

लेक खिडकीशी बसून नातीच्या डोळ्यांत काजळ घालते आहे. करंगळी डबीत फिरते, एका डोळ्याच्या पापणीवरून हलकेच सरकते आणि उरलंसुरलं गालावर तीट म्हणून टेकवते.

"तुमच्याच लॅबमध्ये तपासलेलं आहे हं, बाबा," ती हसून म्हणते. "म्हणून तर निर्धास्त घेतलं."

तपासलं मीच होतं. काजळातलं शिसं मोजायला आमच्याकडे दोन यंत्रं आहेत. नवं यंत्र कणभर शिसंही पकडतं, जुन्याला तेवढं दिसतच नाही. साहेब म्हणाले, "जुन्यावर लावा." मी लावलं, आणि अहवालात लिहिलं, 'आढळले नाही'. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. त्या खऱ्या वाक्यातच मी आजवर कोंडून बसलो आहे. माणसाची नजरही अशीच असते, सोयीपुरती मंद करून घेता येते.

करंगळी आता दुसऱ्या डोळ्याकडे निघाली आहे.

"थांब. घातलंस तेही पुसून टाक."

"का हो बाबा?"

नातीचा एक डोळा काळाभोर, दुसरा अजून कोरा. लेकीकडे बघवत नाही, म्हणून त्या कोऱ्या डोळ्याकडे बघत मी सांगायला लागतो.