दिल्लीचा दंड आणि धुडकूची सुई

धुडकू पाटलाने जन्मात कोणाशी भांडण केलं नाही, तरी शहादा तालुक्यात त्याला पाहून जितकी माणसं पळाली तितकी फौजदाराला पाहूनही पळाली नसतील. तो लोकल बोर्डाचा लस टोचणारा होता. गावात शिरताना तो सायकलची घंटा वाजवत नसे. घंटा ऐकली की पोरं कापसाच्या शेतात आणि त्यांचे बाप ज्वारीच्या शेतात दिसेनासे होत.

घर तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचं. भाऊ केळी लावायचे. धुडकू सातवी पास झाला आणि १९५१ साली बोर्डात चिकटला. त्याचा एकच गुण सांगण्यासारखा: लिहिलेलं वाचायचं आणि ते खरं मानायचं. गोवरीच्या धुरात लपलेल्या बायका त्याने शोधून टोचल्या. वरातीत घोड्यावर बसलेला नवरदेव त्याने घोड्यावरच टोचला, आणि तिथी टळू नये म्हणून नवरदेवानेही दंड पुढे केला. सासऱ्याला टोचलं तेव्हा सासरा दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. ती दोन वर्षं घरात फार शांतता होती, असं त्याची बायको जसोदाबाई सांगत असे.

एवढं करून नोकरी मात्र कच्चीच. दरवर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर निघे. १९५८च्या मार्गशीर्षात बोर्डाच्या डॉक्टरांनी त्याला बोलावून सांगितलं, "पाटील, सारंगखेड्याच्या यात्रेत गेल्या साली चारशे माणसं न टोचता आत गेली. यंदा एकही सुटला नाही तर तुमचं नाव मी कायम करायला पाठवतो. सुटले तर पुढच्या साली केळी लावा."

यात्रेच्या तोंडाशी नाका उभा राहिला. एक तंबू, एक टेबल, सुया उकळायला स्टोव्ह आणि आडवा टाकलेला बांबू. शेजारी कलेक्टर साहेबांच्या हुकमाची पाटी: 'यात्रेत येणाऱ्या प्रत्येक इसमाने पटकीची लस टोचून घेतलीच पाहिजे. एक वर्षाखालील मुले व आजारी माणसे यांस सूट.' टोचलं की धुडकू चिठ्ठी द्यायचा आणि चिठ्ठी दिसली की बांबू वर जायचा. पहिले दोन दिवस सुरळीत गेले. मारवाडचे घोडेवाले, काठेवाडचे घोडेवाले, पाळणेवाले, जिलबीवाले, सगळे टोचून आत गेले.

तिसऱ्या दिवशी दिल्लीचे एक बडे नेते पहिल्या नंबरच्या घोड्याला हार घालायला येणार होते. सकाळपासून नाक्यावर हजारभर माणसांची रांग लागली आणि रांगेच्या डोक्याला उखा उभा राहिला. उखा शेजारच्या गावचा शेतकरी. गेल्या साली निसटलेल्या चारशेंत तो पहिला होता.

"धुडकू," उखाने बाही न सारताच विचारलं, "आमले टोचस ते ठीक. तो दिल्लीवाला येई ऱ्हायना, त्याले टोचशी का?"

"पाटीवर काय लिखेल शे ते वाच."

"पाटी ऱ्हाऊ दे. मी तुन्हं तोंड वाची ऱ्हायनू. घाम फुटेल शे." मागे हशा पिकला. उखाला चेव चढला. "आयकी ले. त्याले टोचं ते मी दोन्ही हात पुढे करसू. त्याले सोडं ते मी बी सरळ आत जासू. आणि ह्या बठ्ठा मन्हा मांगे."

"जासूत!" मागची बठ्ठी रांग म्हणाली.

धुडकूने हिशेब केला. गेल्या साली चारशे. यंदा हजार. केळी.

अकराच्या सुमाराला तीन मोटारी धुरळा उडवत आल्या आणि बांबूपाशी थांबल्या. पहिलीतून मामलेदार उतरले. हे गृहस्थ पुण्याचे. खानदेशात येऊन त्यांना सात महिने झाले होते आणि तेवढ्यात त्यांनी तीन बदलीअर्ज केले होते.

"पाटील, बांबू वर घ्या."

"साहेब, टोचणी बाकी आहे."

"कोणाची?"

"आत जाणाऱ्यांची."

मामलेदारांनी मागच्या मोटारीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अहो, हुकूम इसमांसाठी आहे. ते इसम आहेत का?"

"नसतील तर सूट द्यायला हवी, साहेब. सुटीची दोनच खाती आहेत. कोणत्या खात्यात बसवू?"

"आजारी लिहा."

धुडकूने टाक उचलला. तेवढ्यात नेत्यांचा सेक्रेटरी मोटारीतून जवळजवळ उडी टाकूनच आला. "बीमार मत लिखिए! अखबार में छप गया तो शाम तक उनकी कुर्सी पर कोई और बैठा होगा!" मागच्या मोटारीत धुळ्याच्या एका पेपरचा बातमीदार होता. गळ्यात कॅमेरा अडकवून तो वही उघडत होता.

"मंग एक वरीसना खाले लिख," उखा म्हणाला. "तोंड उघाडीसन दात मोजी ले. हाऊ जालमसिंग शे ना, तो पटकन सांगी."

जालमसिंग घोड्यांचा व्यापारी. पांढरी घोडी धरून तो नाक्यापाशीच उभा होता. चिठ्ठी आत विसरून बाहेर आला होता म्हणून पुन्हा आत जायला अडला होता. दात पाहायची त्याची तयारी होती. मामलेदारांनी त्याला हाताने मागे सारलं.

आता नेते स्वतः उतरले. स्वच्छ खादी, मोठं पोट, चेहऱ्यावर फोटोतलं हसू. इंग्रजांच्या लाठ्या त्यांनी खाल्ल्या होत्या, तुरुंगात चक्की पिसली होती. पण त्यांची नजर स्टोव्हवरच्या भांड्यात खळखळणाऱ्या सुयांवर गेली आणि हसू जरा उतरलं.

"भाई," ते धुडकूला म्हणाले, "क़ानून तो हम ही बनाते हैं।"

"मग तर साहेब, तो आपल्याला माहीतच असेल," धुडकू म्हणाला. त्याला हे उर्मटपणाने म्हणायचं नव्हतं. त्याला खरंच आनंद झाला होता, की आता समजावून सांगावं लागणार नाही.

रांग टाळ्या वाजवू लागली. मामलेदारांनी धुडकूला तंबूच्या खांबामागे ओढलं. "हे बघा, मी तोड काढलीय. दंडावर रुमाल टाकायचा. रुमालाखाली तुम्ही नुसतं बोट टेकवा. साहेब 'हाय' म्हणतील. लोकांना वाटेल टोचलं. समजलं? आणि खरंच टोचलंत तर तुमची पुढची ऑर्डर कशी निघते ते मी बघतो."

रुमाल हवा होता तो जालमसिंगच्या खांद्यावरून घेतला गेला. लाल, चौकटीचा, चांगला हातभर रुंद. नेत्यांनी बाही वर केली, रुमाल खांद्यापासून मनगटापर्यंत पडला आणि धुडकूचे हात त्याखाली गेले.

त्या क्षणी न्याय, समता असलं काही आपल्याला आठवलं नाही, असं धुडकू पुढे सांगत असे. त्याला एवढंच जाणवलं की सुई भरलेली आहे, दंड समोर आहे आणि सात वर्षांत भरलेली सुई आपण कधी परत नेलेली नाही. हाताला जी सवय होती ती हाताने केली.

"हाय राम!" नेते ओरडले. ठरलेल्या 'हाय'पेक्षा हे बरंच खरं होतं.

धुडकूने रुमाल काढला आणि रांगेकडे पाहिलं. रांग त्याच्याकडे पाहत नव्हती. रांग पांढऱ्या घोडीकडे पाहत होती.

मामलेदारांना सात महिन्यांत एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचा भाव तोंडाने ठरत नाही. व्यापाऱ्याच्या रुमालाखाली दोघं हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात आणि रुमाल निघाला की सौदा पक्का. तिथे तो पंचांनाही मोडता येत नाही. इथे रुमाल जालमसिंगचा, घोडी जालमसिंगची, आणि गिऱ्हाइकाने तर भाव ऐकून बोंबही मारली होती.

"टोचं नही!" उखा गरजला. "घोडी लिधी! दिल्लीवालानी घोडी लिधी!"

"केवढाले?" मागून आवाज आला.

"बाराशेले," उखाने मनानेच सांगितलं. ते रांगेच्या शेपटापर्यंत जाताना पाच हजार झाले.

जालमसिंग क्षणभर गोंधळला. भाव कोणी आणि कधी ठरवला हे त्यालाही कळलं नव्हतं, पण पक्का झालेला सौदा नाकारणारा व्यापारी तो नव्हता. त्याने वाकून मुजरा केला आणि लगाम नेत्यांच्या हातात दिला.

बातमीदार पेन्सिल सरसावून पुढे आला. "साहेब, घोडी खासगी घेतली की सरकारी खर्चाने?"

नेत्यांचा चेहरा खादीसारखा झाला. "घोड़ी? कैसी घोड़ी? मैंने सुई ली है!"

"पाहिलं कोणी?" बातमीदाराने विचारलं.

कोणी पाहिलं नव्हतं. त्याचसाठी तर रुमाल होता.

मग ज्या नेत्यांना टोचून घ्यायचं नव्हतं त्यांनी दंड खांद्यापर्यंत उघडा केला आणि ते रांगेच्या कडेने चालू लागले. "देखो! यहाँ! ख़ून भी निकला है!" लगाम हातातच राहिला होता, त्यामुळे घोडीही मागोमाग चालली. मामलेदार घोडीच्या मागे आणि सेक्रेटरी मामलेदारांच्या मागे. वरात परत उखापाशी आली.

उखाने दंड दोन्ही हातांत धरला, फिरवला आणि बैलाच्या वशिंडावरची गाठ पाहावी तसा अंगठ्याने दाबला.

"अरे मर गया!" नेते म्हणाले.

"टोचेल शे," उखाने जाहीर केलं. मग दोन्ही बाह्या सारून तो टेबलापाशी आला. "कर बरं आते. धीरे कर. मी काही पुढारी नही."

संध्याकाळपर्यंत धुडकूने एक हजार एकशे सहा माणसं टोचली. रांगेतलं कोणी सुटलं नाही. सौदा मोडायला मात्र पंचांनी नकार दिला. कोण दिल्लीचा आणि कोण दोंडाईचाचा हे रुमालाला कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. शेवटी जालमसिंगनेच सांगितलं की आपण बोटंच दाबली नाहीत, आणि घोडी परत घेतली. संध्याकाळच्या सभेत नेते कायद्यावर बोलले. एरवी ते दोन्ही हात उंचावून बोलत. त्या दिवशी उजवाच वर गेला.

मामलेदारांनी धुडकूविरुद्ध तीन पानी रिपोर्ट लिहिला, पण तो पाठवता आला नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दंड उघडा टाकलेल्या नेत्यांचा फोटो होता आणि खाली 'कायद्यापुढे सर्व समान' असं छापलं होतं. दिल्लीहून मामलेदारांना अभिनंदनाची तारही आली. तार घेऊन ते पुन्हा यात्रेला निघाले, तेव्हा बांबू आडवा होता.

"आता काय पाटील?"

"साहेब, काल आपण टोचून न घेता आत गेलात. गडबडीत माझी नजर चुकली. एक हजार एकशे सात पाहिजेत." धुडकूने स्पिरिटचा बोळा पिळला. "डावा की उजवा?"

मामलेदारांनी इकडेतिकडे पाहिलं. आसपास कुठेही रुमाल नव्हता.